सुफेन, दुष्फेन वगैरे

साबणाचा फेस होतो ते सुफेन पाणी, होत नाही ते दुष्फेन. शाळेत एवढं पाठ केलं की दोन मार्क मिळायचे आणि विषय संपायचा. आता तो विषय आमच्या बाथरूममध्ये मुक्कामाला आहे.

पुण्याच्या वेशीबाहेरची सोसायटी, म्हणजे बोअर आणि टँकर आलेच. नळांना पांढरी दाढी, बादल्यांवर पुटं, गीझरची कॉइल सारखी जाते. मागच्या महिन्यात पाणी तपासून घेतलं. दुष्फेनपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम! भारतीय मानकाप्रमाणे २०० पर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. आम्ही त्याच्याही पलीकडचे.

सगळ्यात हाल सासूबाईंचे. सगळा जन्म सावंतवाडीकडे जांभ्यातल्या विहिरीवर गेला. जांभ्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पावसाने केव्हाच धुऊन नेलंय, म्हणून तिथलं पाणी सुफेन. आमच्या काळ्या कातळात ते अजून शिल्लक आहे आणि थोडं थोडं पाण्यात उतरतं. इथे त्यांची तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही डोळे वटारून बघायची. डाळीतलं पेक्टिन कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून ती शिजत नाही, असं मी त्यांना समजावलं. "मग त्याला सोड म्हणावं," त्या म्हणाल्या.

डाळ आता आरओच्या पाण्यात शिजते. पण त्यातून वाया जाणारं पाणी बघून त्यांचा जीव तुटतो, म्हणून ते फरशीला. नळांना रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळायचं. अंघोळीचं काय, ते मात्र सुटत नव्हतं. अंग कोरडं पडून खाजतं, केसांचा काथ्या होतो.

अशात सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्या इमारतीला सॉफ्टनर बसवायचा विषय निघाला. त्यातलं रेझिन कॅल्शियम धरतं, बदल्यात सोडियम सोडतं. रेझिन भरलं की ते मिठाच्या पाण्याने धुवायचं. आणि ते पाणी कुठे जाणार? "शोषखड्ड्यात," कंत्राटदार म्हणाला. शोषखड्डा बोअरपासून वीस पावलांवर! भिंतीपलीकडे मेथी-कोथिंबिरीचं शेत आणि त्याची विहीर. मी विरोधात हात वर केला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "घरात म्हातारं माणूस असून तुम्हीच नको म्हणता?" मला उत्तर सुचलं नाही.

घरी येऊन आईंना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ते खारं पाणी त्या माणसाच्या विहिरीत उतरेल?"

"उतरू शकतं."

"मग नको." माहेरी खाडीकाठच्या विहिरी खाऱ्या झालेल्या त्यांनी पाहिल्यात.

विषय अजून मिटलेला नाही, पुढच्या रविवारी परत मीटिंग आहे. दरम्यान आईंनी दोन मोठे ड्रम मागवून गच्चीच्या पन्हळीखाली लावून घेतलेत. पहिला पाऊस वाहू द्यायचा, दुसऱ्यापासून भरायचं, अशी वॉचमनला सक्त ताकीद आहे. डोक्यावरून अंघोळ जूनमध्ये, म्हणतात.