घरटी एक माणूस

आम्हा चुलत-आत्तेभावंडांपैकी बहुतेकांचे जन्म 1960 ते 1975च्या दरम्यानचे. निम्मी कापड्यात वाढली, निम्मी मुंबईत. शिमग्याला आणि मे महिन्यात सगळी एका पडवीत आडवी व्हायची. आता लग्नाकार्याला एकत्र बसलो की ज्या आठवणी निघतात त्या खेळाच्या कमी आणि कामाच्या जास्त. पालखीपुढे पेट्रोमॅक्स कुणी धरायची यावरून झालेली भांडणं, पंगतीत डाळीची बादली कुणाच्या हातून उलटली, पावती पुस्तक घेऊन कुणाच्या दारात किती वेळ उभं राहावं लागलं, असलं सगळं.

कापडे पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आंबेनळी घाटाची चढण लागायच्या आधी इथूनच उमरठची वाट आत फुटते. वर प्रतापगड, आत उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी, खाली पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी, आणखी पुढे महाड, तिथलं चवदार तळं, आणि त्याच्या पलीकडे रायगड. बाहेरच्या माणसाला हा इतिहास. आमच्या घरात ही वर्षभराच्या कामांची यादी होती. माघ वद्य नवमी आली की उमरठला जायचं, महाशिवरात्र झाली की महाडच्या छबिन्याला, मग शिमगा, मग पावसाच्या आधी गावची कामं.

आजोबांच्या पिढीची एक गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकलीय की आपण तिथे होतो असंच वाटतं. 30 नोव्हेंबर 1957ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण करायला आले. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन ऐन भरात होतं आणि समितीने काळ्या निशाणांची निदर्शनं ठेवली होती. आमचे थोरले आजोबा पुतळा बघायला निघाले, धाकटे निशाण घेऊन. दोघांच्या भाकऱ्या आजीने एकाच तव्यावर भाजल्या आणि एकाच फडक्यात बांधून दिल्या, कारण घाटाची वाट दोघांना बरोबरच चढायची होती. आजीचं स्वतःचं मत काय होतं, हे तिला कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

गावचं काम निघालं की आदल्या संध्याकाळी हाळी पडायची. उद्या घरटी एक माणूस, कुदळ-घमेलं घेऊन. पाणवठ्याची पाखाडी वाहून गेलेली असे, पऱ्ह्यावरचा लाकडी साकव नव्याने बांधायचा असे, विहिरीतला गाळ उपसायचा असे, नाहीतर शाळेची कौलं परतायची असत. आज या सगळ्याला श्रमदान म्हणतात आणि त्याचे फोटो निघतात. तेव्हा त्यात दानबिन काही नव्हतं. न येणाऱ्या घराला दंड होता, आणि दंडापेक्षाही जास्त धाक बोलण्याचा होता. मागच्या पिढीचं मन मोठं होतं म्हणून कामं झाली, असं आमच्यातले काही जण आता सांगतात. मला ते पटत नाही. वही होती, वहीत घराचं नाव होतं, आणि त्या नावापुढे रेघ ओढली जायची. माणसं चांगली होतीच, पण कामं झाली ती त्या रेघेच्या भीतीने.

त्यातली एक गंमत. आमच्या घरचे बाप्ये बहुतेक मुंबईत, गिरणीत. म्हणजे घमेलं घेऊन उभी राहायची ती मोठी काकी किंवा आमची आई. दिवसभर दगड वाहायचे, घरी येऊन चूल पेटवायची, गुरांचं बघायचं. संध्याकाळी वहीत हजेरी लागायची ती मात्र काकांच्या नावाने. काका तेव्हा लालबागला पाळीवर.

मुंबईतलं गाव म्हणजे गावकीची खोली. भिंतीला ओळीने ट्रंका, वर बांबूवर वळकट्या, तीन पाळ्यांत झोपणारी तीन पाळ्यांची माणसं. महिन्याच्या ठरलेल्या रविवारी मिटिंग. मंडळाची वर्गणी, देवळाचा हिशेब, कुणाचं मयत झालं तर गावी माणूस पाठवायचा खर्च, शिमग्याला कोण रजा टाकणार. आवाज असे चढायचे की चाळीतले लोक दार लोटून घ्यायचे. पण त्या खोलीतल्या चार-चार रुपयांवर शाळेची खोली उभी राहिली, देवळाला फरशी बसली, भजनाला नवा मृदंग आला. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो संपलाच नाही. माणसं ट्रंका घेऊन गावी परतली. त्या शिमग्याला पालखीला खांदे उदंड मिळाले, वर्गणी मात्र जमेना. देव घरोघर फिरला तेव्हा ओटीत तांदूळ पडत होते, नाणी नव्हती. काकी सांगते की त्या वर्षी पालखी जितकी नाचली तितकी पुन्हा कधी नाचली नाही. बापड्यांना दुसरं काही कामच नव्हतं.

छातीवरचा ‘स्वयंसेवक’ असा बिल्ला आम्ही पहिल्यांदा पाहिला तो महाडला. वीरेश्वराच्या छबिन्याला आसपासच्या गावांचे देव भेटीला येतात. विन्हेऱ्याच्या झोलाईची पालखी आली की गर्दीला उधाण येतं, आणि सासनकाठ्या रात्रभर नाचतात. त्या रेट्यात दोर धरून उभी असलेली पोरं, पाण्याचे पिंप, चुकलेल्या मुलांची नावं कर्ण्यावरून पुकारणारा गडी. आमच्यातला एक असाच चुकला होता. ज्या बिल्लेवाल्याने त्याला खांद्यावर बसवून आणलं, त्याचं नाव आम्ही विचारलं नाही, पण तो बिल्ला पोराच्या डोक्यात बसला. पुढे आयुष्यभर जिथे दोर धरायचा असेल तिथे हा पहिला.

महाडचं नाव घेतलं की मग वहीतली दुसरी गोष्टही सांगावी लागते. घरटी एक माणूस म्हणताना घरं कुठली धरायची, हे ठरलेलं होतं. आमच्या लहानपणी खोऱ्यातल्या कित्येक गावांत गावकीचा हिशेब वेगळा आणि बौद्धवाडीचा वेगळा होता, पाणवठेही वेगळे होते. आणि बिनबिल्ल्याची खरी स्वयंसेवा या तालुक्यांनी पाहिली ती मार्च 1927मध्ये, महाडच्या परिषदेत. लोक भाकरी बांधून, मैलोगणती चालत आले होते. शहरातल्या कुठल्याच पाणवठ्याला हात लावायची सोय नव्हती, म्हणून परिषदेला 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. 20 मार्चला डॉ. आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. बाजारातून जिन्नस मिळणार नाही हे ओळखून कार्यकर्त्यांनी सामान बाहेरून आणलं होतं. हजारोंची पंगत परक्या, रुसलेल्या गावात उठवणं काय असतं, हे ज्याने साधी सप्त्याची पंगत वाढली आहे त्याला कळेल. पण आमच्या पडवीत तानाजीची गोष्ट दर वर्षी निघायची, ही कधी निघाली नाही. ती आम्हाला पुस्तकातून कळली, आणि कळली तेव्हा आमच्यातले थोरले चाळिशीला आले होते. आता दर 20 मार्चला महाडला पाणी वाटणाऱ्यांच्या टेबलामागे आमच्या घरातली दोन पोरंही उभी असतात. त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही, हे मला फार बरं वाटतं.

गावची वही केव्हातरी बंद पडली. रोजगार हमी आली, ग्रामपंचायतीला निधी आला, साकवाच्या जागी काँक्रीट आलं. ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पावसात लाकडी साकवावरून ज्याने गरोदर बाईची डोली नेली आहे, तोही म्हणणार नाही.

पण हाळी पुन्हा पडायला लागली, ती संकटांनी. 25 जुलै 2005ला महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, आणि पुलाजवळ गॅरेजात काम करणाऱ्या एका परप्रांतातल्या माणसाने धावत जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवल्या. त्याला कुणी बिल्ला दिलेला नव्हता. 28 जुलै 2018ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आमच्याच रस्त्याने वर गेली आणि आंबेनळी घाटात दरीत कोसळली. 30 जण गेले, एकच वाचला. महाबळेश्वर ट्रेकर्सची पोरं आणि खालच्या गावांतली पोरं दोर लावून धुक्यात उतरली. आमच्या घरातला दोर धरणारा तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. तो दरीत उतरला नाही, वर चहा आणि कंदील बघत होता, आणि दोन दिवस घरी कुणाशी बोलला नाही.

22 जुलै 2021ला तळियेचा डोंगर खचला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातलं केवनाळे आणि साखरची सुतारवाडी गेली, महाडची बाजारपेठ पाण्याखाली. मुंबईतल्या भावंडांनी पाठवलेला टेम्पो पोहोचला तेव्हा कळलं की कपडे फार झालेत आणि फावडी नाहीत. दुकानादुकानांतला चिखल उपसायला माणूस हवा होता. मग फोनवरच ठरलं, घरटी एक माणूस. ज्या पोरांनी तो नियम कधी पाहिला नव्हता, ती गमबूट घालून आली. चार दिवस पोहे आणि खिचडी रांधली ती नेहमीच्याच हातांनी. गॅसच्या तीन शेगड्या, पाच बायका, त्यांत माझी ऐंशीच्या घरातली काकी तांदूळ निवडत बसलेली.

त्या कामाचा मंडळाने पुढे अहवाल छापला. टेम्पो देणाऱ्याचं नाव आहे, ताडपत्र्या देणाऱ्याचं आहे, चिखल उपसणाऱ्या प्रत्येक पोराचं आहे. जेवणाबद्दल एक ओळ आहे, ‘भोजनव्यवस्था महिला मंडळ’. अशाच ओळी 1975च्या अहवालातही आहेत, मी काढून पाहिल्या. शिमग्याच्या मिटिंगला जो कुणी यंदा वही घेऊन बसणार असेल, त्याला सांगणं एवढंच की चुलीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकीला नाव आहे. ते विचारा आणि पूर्ण लिहा, नवऱ्याच्या नावाशिवाय.