काव आणि पाण्याचा दावा

आम्ही सिल्वासा येथे वकिली करतो; रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि कुलदेवतेच्या दर्शनास गोमंतकात जाण्याचा आमच्या घराचा शिरस्ता आहे, आणि तेथील जुन्या देवळांच्या चुनेगच्ची भिंतींवर कावेने रेखलेली तांबूस वेलबुट्टी पाहिल्यापासून त्या रंगाविषयी आम्हांस कुतूहल आहे. हा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा होय. त्याच्या एका रूपास हेमॅटाइट म्हणतात. गोव्याच्या खाणींतील लोहखनिजही मुख्यतः तेच.

हेमॅटाइट सूर्यप्रकाशातील निळा-हिरवा भाग गिळते व तांबडा परत करते. गिळलेल्या प्रकाशाने आतील इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि मागे पोकळी राहते. इलेक्ट्रॉनने पाण्यातून हायड्रोजन सोडवावा, पोकळीने ऑक्सिजन, ही या विद्येची आशा. जपानात अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ साली टायटॅनियम डायऑक्साइड घेऊन ही वाट दाखविली. पण ते द्रव्य पांढरे. ते ज्या अतिनील किरणांवर चालते, ते सूर्याच्या तेजात शेकडा चार-पाचच. म्हणून स्वस्त, तांबड्या हेमॅटाइटकडे संशोधकांचे लक्ष वळले.

खरा खटला मात्र पृष्ठभागावर चालतो. इलेक्ट्रॉन व पोकळी हे पक्षकार, आणि ऑक्साइड व पाणी यांची सीमा हे न्यायालय. हेमॅटाइटमध्ये पोकळी काही नॅनोमीटरच चालते. वाटेतच उभयतांची तडजोड होते आणि प्रकाशाची नुसती उष्णता होऊन जाते. सीमेवर पोचली तरी ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी अशा चार पोकळ्या खर्ची पडाव्या लागतात. विलंब होतो, आणि विलंबात पुन्हा तडजोड. यावर उपाय म्हणून अतिशय पातळ थर करून त्यावर कोबाल्टयुक्त लेप चढवितात. शिवाय येथील इलेक्ट्रॉनला हायड्रोजन सोडविण्याइतका जोर नसतो. बाहेरून थोडी वीज द्यावीच लागते.

पाण्यापासून इंधन मिळाल्याची वार्ता आली की आम्ही पुरावा मागतो. केवळ हायड्रोजनचे बुडबुडे हा अर्धा पुरावा होय. पाण्यात मिथेनॉल घातले तर पोकळ्या त्यालाच खातात. हायड्रोजन भरपूर निघतो, पण पाणी फुटले असे म्हणता येत नाही. दोन भाग हायड्रोजन व एक भाग ऑक्सिजन, असे दोन्ही साक्षीदार दीर्घकाळ एकच जबानी देतील तरच दावा सिद्ध.

असे दावे सिद्धही झाले आहेत. २०२० साली जपानी संशोधकांनी स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या स्फटिकाच्या काही पैलूंवर ऱ्होडियम व इतरांवर कोबाल्ट बसवून दोन्ही पक्षकारांना वेगवेगळ्या दारांनी बाहेर काढले. शोषलेले अतिनील किरण जवळजवळ सर्व कामी आले. पण २०२१ साली १०० चौरस मीटर पटलांवर, खुल्या उन्हात, सूर्याच्या ऊर्जेचा फार तर शेकडा ०.७६ भाग हायड्रोजनात उतरला.

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. तेथे भर मुख्यतः विजेने पाणी फोडण्यावर आहे. आम्ही दमणगंगेकाठचे लोक कारखान्यांच्या शेजारी राहतो. स्वच्छ इंधनाची गरज आम्हांस कोणी पटवून द्यावयास नको. उद्या कोणी थेट उन्हातून ते देतो म्हणून दारी आला, तर त्यास हाकलू नये, आणि डोळे झाकून पैसेही देऊ नयेत. शांतपणे एवढेच विचारावे: ऑक्सिजन किती निघाला?