कौदीचा भाव

माझं माहेर कानडी, म्हणून गोधडीला मी अजून कौदीच म्हणते. घरबसल्या हौसेचं काम, त्याचे पैसे कसले, असं सासरी सगळ्यांचं मत.

हैदराबादच्या सुरैया हसन बोस 2021 मध्ये गेल्या. औरंगाबादचं हिमरू, म्हणजे सुती ताण्यावर रेशमी बाणा. शिवाय मश्रू, पैठणी. असली संथ विणकामं त्यांनी धंद्यावर आणली. विधवा बायकांना मागावर बसवून शिकवलं. कापड परदेशीही गेलं. नुसत्या कौतुकावर ते माग चालले नसते. विणणारीची मजुरी किमतीत धरावीच लागते.

परवा नणंदेनं विचारलं, "वैनी, बाळाच्या कौदीचं काय घेणार?" मी आधी दिवस सांगितले, मग रुपये.