आधी मोजा, मग बोला

घरातली एखादी वस्तू बिघडली की आपण सर्वांत आधी काय करतो? वस्तू तपासतो का? नाही. आपण माणूस शोधतो. "याला कोणी हात लावला होता?" हा आपला पहिला प्रश्न असतो. मीही एकदा असेच केले होते. त्याची आठवण झाली की आजही मला थोडी लाज वाटते. म्हणूनच ती हकिगत तुम्हांला सांगते आहे.

ही गोष्ट २००७ सालच्या मे महिन्यातली आहे. आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहत होतो. मी कॉलेजात शिकत होते. धाकटा भाऊ नुकताच नववीत गेला होता. वडिलांनी कर्ज काढून घरी संगणक घेतला होता. त्यावर मी लोकांचे टंकलेखन करून देत असे आणि त्या पैशांतून माझी फी भरत असे. त्या काळात राज्यात विजेची मोठी टंचाई होती. डोंबिवली-कल्याणकडे रोज काही तास भारनियमन होई. वीज आली की मी धावत जाऊन कामाला बसत असे.

एका रात्री मी एका शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका टाइप करत होते. बारा पाने झाली होती. अचानक पडदा काळा झाला आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. घाईघाईत मी मजकूर साठवून ठेवला नव्हता. सगळी पाने गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले. संध्याकाळी तर तीन वेळा झाले.

भावाने आदल्या आठवड्यात मित्राकडून खेळाची एक सीडी आणली होती. मला तेवढे कारण पुरेसे होते. मी सर्वांसमोर म्हणाले, "यानेच बिघडवला!" तो म्हणाला, "ताई, मी खरंच काही केलं नाही गं." पण मी ऐकले नाही. "पुन्हा संगणकाला हात लावायचा नाही," असे मी त्याला बजावले. तो अर्ध्या ताटावरून उठला. त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने संगणक पाहिला. न उघडताच तो म्हणाला, "मदरबोर्ड गेला. चार हजार लागतील." आमच्यासाठी ही रक्कम फार मोठी होती. तेव्हा वडिलांच्या एका मित्राने कल्याणच्या एका वृद्ध कारागिरांचे नाव सुचवले. ते पूर्वी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत. सगळे त्यांना चाचा म्हणत.

रविवारी दुपारी आम्ही दोघे लोकलने निघालो. संगणकाची जड पेटी भावाने उचलली होती. वाटेत ठाकुर्ली स्टेशन गेले. एरवी तो मला तिथले रेल्वेचे जुने वीजघर दाखवत असे. त्या दिवशी तो गप्प होता.

चाचांनी आधी आमचे बोलणे नीट ऐकून घेतले. मग त्यांनी प्रश्न विचारले. संगणक कधी बंद पडतो? सुरू केल्याबरोबर की काही वेळाने? काम करताना की नुसता असताना? शेवटी भाऊच हळूच म्हणाला, "चाचा, सीडी घातली आणि ती फिरू लागली की लगेच बंद पडतो. दुपारच्या उन्हात तर जास्तच." मी त्याच्याकडे पाहतच राहिले. हे मला माहीतच नव्हते. मी त्याला विचारलेच कुठे होते?

चाचांनी काम सुरू केले. ते सोप्या गोष्टींकडून अवघड गोष्टींकडे जात होते. त्यांनी आधी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये दिवा लावून पाहिला. मग संगणकाची वायर बदलली. नंतर मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने पुसली आणि पुन्हा बसवली. संगणक तरीही बंद पडला. मग त्यांनी सीडी ड्राइव्हची जोडणी काढली. आता मात्र तो बराच वेळ चालला. चाचा म्हणाले, "ओझं कमी केलं की चालतो, वाढवलं की बसतो. आता वीज देणाऱ्यालाच तपासू या."

संगणकाच्या पेटीत मागच्या बाजूला पत्र्याचा एक डबा असतो. त्याला एसएमपीएस म्हणतात. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि तिची दिशा सेकंदाला अनेकदा उलटसुलट होते. तिला प्रत्यावर्ती धारा म्हणतात. संगणकाच्या नाजूक भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. तिला दिष्ट धारा म्हणतात. हा बदल तो डबा करतो. चाचा म्हणाले, "तुम्ही ज्या लोकलने आलात, तिच्या तारेतली वीजसुद्धा अशीच बदलून घेतलेली असते." ते खरेच होते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली रेल्वे धावली, तीही १५०० व्होल्टच्या दिष्ट धारेवर. आमच्या भागात २००७ मध्येही तीच धारा होती. पुढे काही वर्षांनी तिच्या जागी २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा आली.

चाचांनी मल्टिमीटर घेतला. हकीम नाडी पाहतो, तशा शांतपणे त्यांनी मीटरची काळी सुई काळ्या तारेच्या टोकाला लावली आणि लाल सुई पिवळ्या तारेच्या टोकाला. पिवळ्या तारेत १२ व्होल्ट हवेत आणि लाल तारेत ५ व्होल्ट. शेकडा पाच इतका फरक चालतो. म्हणजे पिवळ्या तारेत ११.४ ते १२.६ आणि लाल तारेत ४.७५ ते ५.२५. मीटरवर आकडा आला ११.९. मी निराश होऊन म्हणाले, "हे तर ठीक आहे!"

चाचा हसले. "बेटी, स्टेशनवर रिकामा उभा असलेला प्रत्येक हमाल ताकदवान दिसतो. डोक्यावर ओझं दे, मग बघ."

त्यांनी सीडी ड्राइव्ह पुन्हा जोडला आणि भावाच्याच खेळाची सीडी घातली. ती फिरू लागली. आकडा उतरू लागला. ११.५, ११.२, १०.८ आणि पडदा काळा! चाचांनी समजावले, "वीज योग्य आहे तोवर हा डबा मदरबोर्डला 'सगळं ठीक आहे' असा इशारा देत राहतो. वीज खाली आली की इशारा थांबतो. मग मदरबोर्ड काम थांबवतो. तो बिघडलेला नाही. तो फक्त हुकूम पाळतो."

तरीही चाचांनी निकाल दिला नाही. दुकानातला दुसरा एसएमपीएस जोडून त्यांनी दोन तास संगणक चालवला. खेळ चालू, सीडी चालू. तो एकदाही बंद पडला नाही. तेव्हा कुठे ते म्हणाले, "आता खात्री झाली."

दोन दिवसांनी ठाण्याला स्टेशनजवळच्या बाजारातून आम्ही नवा एसएमपीएस आणला. दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या चौथ्या भागात काम झाले. जुना डबा चाचांनी स्वतः उघडून दाखवला. आतल्या पंख्यावर धुळीचा जाड थर होता. त्यामुळे आत उष्णता साठत होती. विजेचा प्रवाह स्थिर ठेवणाऱ्या कपॅसिटरची डोकी फुगली होती. उष्णतेने त्यांतला द्रव हळूहळू सुकतो आणि त्यांची ताकद जाते. म्हणजे हा आजार कित्येक महिने आत वाढत होता. सीडीने तो फक्त उघडा पाडला.

मित्रांनो, एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हा डबा तुम्ही स्वतः कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज काही काळ साठलेली राहू शकते. तिने जीवसुद्धा जाऊ शकतो. ते काम जाणकाराचेच आहे.

परत येताना गाडीत गर्दी होती. ठाकुर्ली आले तेव्हा मी भावाला म्हणाले, "माझं चुकलं रे. मी तुला विचारलंही नाही." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने बाहेर बोट दाखवले आणि म्हणाला, "ताई, ते बघ वीजघर." मला तेवढे पुरेसे होते.

यंत्राचा दोष जिथे दिसतो, तिथेच तो असतो असे नाही. माणसांचेही तसेच आहे. दोष कुणाचा हे ठरवण्यापूर्वी ऐकावे, पाहावे, मोजावे आणि पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी. अंदाजाने यंत्र दुरुस्त होत नाही. उलट, त्याच अंदाजाने घरातले माणूस मात्र दुखावले जाते.

आजही आमच्या घरी काही बिघडले आणि मी चिडून आवाज चढवला, की भाऊ हसून विचारतो, "ताई, आधी मोजलंस का?"