तेहतीस किलोचा हिशेब

माझे मामा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मुनीम होते. सरकारी धानाच्या भरडाईत क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत द्यावा लागतो. मामांचं लक्ष मात्र उरलेल्या 33 किलोंवर. तूस किती, कोंडा किती, कनी किती, घट किती? बेरीज शंभरावर आल्याशिवाय वही मिटायची नाही. "तांदूळ काय, सारेच मोजतात," म्हणायचे.

मी सांडपाणी प्रक्रियेची मॉडेलं संगणकावर बसवतो. त्यातलं एएसएम-1 पहिल्यांदा उघडलं तेव्हा हसूच आलं. मोगेन्स हेन्झे आणि सहकाऱ्यांच्या 1987 सालच्या या मॉडेलात जिवाणू शंभर भाग अन्न खातात आणि 67 भागांचं स्वतःचं शरीर करतात. उरलेले 33 जाळतात. त्यासाठी ऑक्सिजन लागतो. तो नसला की नायट्रेटमधला ओढून घेतात. भरडाईच की!

मॉडेलचा गाभा म्हणजे एक तक्ता: आठ प्रक्रियांच्या ओळी, तेरा घटकांचे रकाने. संपलेलं उणे, झालेलं अधिक; सगळं एकाच मापात घेतलं की प्रत्येक ओळीची बेरीज शून्य यायला हवी.

एका शहराच्या केंद्राचं काम होतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात मॉडेल नायट्रेट भलतंच जास्त दाखवत होतं. चार दिवस गुणांक फिरवले आणि आलेख जुळला. साहेब खूश. मला मात्र एक गुणांक खुपत होता, इतका ताणलेला मी कधी पाहिला नव्हता. रात्री एकेक ओळ बेरजेला घेतली. अन्न उणे 1.49, जिवाणू अधिक 1, म्हणजे नायट्रेटकडून 0.49 यायला हवेत. आले 0.22. भाजकात 2.86 (नायट्रेटला ऑक्सिजनच्या मापात आणणारा आकडा) आणि 0.67 यांचा गुणाकार हवा होता. मी कंस विसरलो, संगणकाने 2.86 ने भागून 0.67 ने गुणलं. प्रोग्राम कुठे अडला नाही, लाल अक्षर उमटलं नाही. वर मीच गुणांक ताणून चूक झाकली होती.

अशा चुका छापील कागदातही असतात. 2010 साली संशोधकांच्या एका गटाने सात प्रसिद्ध मॉडेलं याच बेरजेने तपासली आणि मूळ तक्त्यांतच चुका निघाल्या. अर्थात बेरीज सगळंच पकडत नाही. वेगाच्या सूत्रातली गडबड तिच्यातून सुटते; त्यासाठी तेच सांडपाणी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सोडून आकडे ताडावे लागतात.

नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत उतरते, पुढे गोसीखुर्दचं धरण. आमच्या भंडाऱ्यात हे पाणी कोणाला नवं नाही. त्यामुळे नायट्रेटचा आकडा माझ्यासाठी नुसता आकडा राहत नाही.

आता माझ्या प्रोग्राममध्ये सगळ्यात आधी ओळींची बेरीज होते. एका जरी ओळीत शून्य आलं नाही, तर पुढचं काहीच चालत नाही.