चौकटीतील एकटेपण

आमचे कळवा हे धीम्या गाड्यांचे स्थानक. जलद गाड्या येथे थांबत नाहीत. बत्तीस वर्षे मी येथून मशीद बंदरला नोकरीसाठी जात असे. डब्यातील मंडळी ठरलेली होती; त्यांच्या घरची सुखदुःखे मला ठाऊक असत. निवृत्तीनंतर ती संगत सुटली. पुढे वर्षभरातच पत्नीचे निधन झाले. मुलगा पुण्यास असतो. त्याने आपला जुना कॅमेरा माझ्या हाती दिला आणि म्हणाला, “बाबा, घरात बसून राहू नका.”

तेव्हापासून सकाळी दर्शन आटोपले की मी बाहेर पडू लागलो. खाडीकाठची तिवरे, पारसिकचा डोंगर, पुलावरून जाणारी गाडी यांची छायाचित्रे काढली. हळूहळू लक्ष माणसांकडे वळले. एके दिवशी पादचारी पुलाच्या पायथ्याशी गजरे विणणाऱ्या एक मावशी दिसल्या. भोवती गर्दीचा लोंढा आणि त्या मात्र सुई हातात धरून दूर कोठेतरी पाहत होत्या. मी लांबूनच छायाचित्र टिपले. गणेशोत्सवात आमच्या सोसायटीने रहिवाशांच्या कलाकृती मांडल्या, तेव्हा ‘एकाकी’ असे नाव देऊन ते लावले. पुष्कळांनी वाखाणले.

तेच दिवस दशलक्षण पर्वाचे होते. प्रवचनात अचौर्याचा विषय निघाला. न दिलेली वस्तू घेऊ नये, हे आपण पाठशाळेत शिकतो. परंतु त्या दिवशी मला एकदम ते छायाचित्र आठवले. ते मला कोणी दिले होते?

छायाचित्रणाचा जुना इतिहास मी नुकताच वाचला होता. १ मे १८५४ रोजी आगगाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत धावू लागली आणि त्याच वर्षी मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तेथील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी काचेवर चित्र उमटण्यास काही क्षण लागत आणि समोरच्या माणसाला तोवर निश्चल राहावे लागे. त्याच्या सहकार्यावाचून स्पष्ट चित्र निघणे कठीण. आता निमिषार्धात चित्र निघते, म्हणून विचारण्याची गरजच उरली नाही, असे आम्ही धरून चाललो आहोत.

क्षमावाणीच्या दिवशी छायाचित्राची प्रत घेऊन मी मावशींकडे गेलो, घडले ते सांगितले आणि क्षमा मागितली. त्यांनी हात पदराला पुसून प्रत घेतली. खालचे नाव मीच वाचून दाखवले. त्या हसल्या.

“मी एकटी कुठं होते, काका? समोरच्या फलाटावरून माझी लेक पावणेसातच्या गाडीनं कामाला जाते. गाडीत चढताना हात करते. तिच्याकडंच बघत होते मी.”

मी निरुत्तर झालो. जाळीपलीकडचा फलाट माझ्या चौकटीत आलाच नव्हता. ज्या एकाकीपणाचे लोकांनी कौतुक केले, ते त्या मावशींचे नव्हतेच; ते माझे होते.

बारा भावनांत एकत्व भावना आहे. जीव एकटा येतो, एकटा जातो, आपल्या कर्माचे फळ एकटाच भोगतो. पत्नी गेल्यानंतर मी याच भावनेचा आधार घेतला होता. पण तिचे नाव घेऊन मी दार लावून बसलो होतो, हे तेव्हा उमगले नाही. जीवांनी परस्परांवर उपकार करावेत, हेही आपल्याच आगमांचे सांगणे आहे. एकत्वाचे चिंतन आसक्ती सोडवण्यासाठी आहे. माणसे सोडण्यासाठी नव्हे.

सोसायटीच्या फलकावरील ते नाव मी काढून टाकले. पुढच्या रविवारी मावशींनी लेकीला सोबत आणले आणि दोघींचे छायाचित्र मी त्यांना विचारून काढले. आता सकाळी मी तेथे उभा असलो, तर ती मुलगी गाडीत चढताना दोनदा हात करते.