छपरावरचा निरोप्या

जुलै 2021 च्या महापुराने महाड शहर वेढले आणि त्याच पावसात तळीये येथे दरड कोसळून 80 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आमच्या भागात प्रथम वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलचे टॉवरही मुके झाले. नदीपलीकडच्या वाडीतील आपली माणसे सुखरूप आहेत, एवढे कळायला आम्हांस दोन दिवस लागले. पुढच्या संकटात निदान शब्दाला तरी वाट असावी, या विचाराने आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या आम्ही तिघांनी घराच्या छपरावर सौरऊर्जेवर चालणारा एक छोटा रेडिओ रिपीटर उभारला.

‘मेशटॅस्टिक’ ही मुक्त संगणकप्रणाली आणि ‘लोरा’ हे अल्पशक्तीत दूरवर पोहोचणारे रेडिओतंत्र हा त्याचा पाया. मोबाइलला ब्लूटूथने जोडलेले हाताएवढे यंत्र लेखी निरोप हवेत सोडते आणि वाटेतली यंत्रे तो ऐकून पुढे धाडतात. त्याला सिमकार्ड लागत नाही की इंटरनेट लागत नाही. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत विनापरवाना वापरता येतो.

खरी कसोटी कोकणातल्या पावसाची. म्हणून वाय-फायचा बोर्ड टाळून आम्ही सुमारे 10 मिलिअँपिअर विजेवर चालणारा बोर्ड घेतला. दिवसाला त्याला 240 मिलिअँपिअर-तास पुरतात. 3000 क्षमतेचे दोन सेल जोडल्यामुळे सूर्यदर्शन न होताही तो तीन आठवडे तग धरू शकतो. पेटीत येणाऱ्या वायरी खालच्या बाजूने घेतल्या आणि त्यांना झोल दिला, म्हणजे पाणी आत न शिरता झोलावरून टपकते. अँटेना जोडल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही, हा नियम कटाक्षाने पाळला. उंची मात्र शक्य तेवढी साधली, कारण या लहरींना डोंगर आडवा आला की पल्ला खुंटतो.

एका निरोपाला सुमारे 200 बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन. मराठीत लिहायचे तर साठ-पासष्ट चिन्हांत सारे सांगावे लागते. वाडीतल्या वृद्धांना मराठीच वाचता येते, म्हणून आम्ही मराठीतच मोजके लिहायला शिकलो. गेल्या पावसाळ्यात वीज नसताना पलीकडून निरोप आला : ‘सगळे ठीक. आजीच्या गोळ्या संपल्या.’ पाणी ओसरताच गोळ्या पोहोचल्या.

वसतिगृहात असताना गावाकडची चिठ्ठी चार हातांतून आपल्यापर्यंत येई, पण वाटेत कोणी ती उघडत नसे. हा रिपीटरही तसाच आहे. ज्या निरोपाची किल्ली त्याच्याजवळ नाही, तोही तो न वाचता पुढे देतो. स्वतःसाठी काही न ठेवता दुसऱ्याचे काम करणे, हा दानाचा संस्कार आपल्याला याच शाळेने दिला.

याने बोलता येत नाही, छायाचित्र धाडता येत नाही आणि शासकीय मदतयंत्रणेची जागाही हा घेऊ शकत नाही. तरीही माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत एकेक रिपीटर बसवावा आणि पुढचा शाळेच्या छपरावर उभा राहावा, अशी आमची नम्र सूचना आहे. जोडणी शिकवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

जय भीम!